डिसिजन ‘टू’, हॅबिट ‘ऑफ’, डिमांड ‘फॉर’: इंग्रजी नामांच्या मागे काय लागतं?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाला इंग्रजी व्याकरण येत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. टेन्स पाठ असतात, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह झोपेतसुद्धा करता येतं. पण हाच मुलगा तहसीलदारांना इंग्रजीत अर्ज लिहायला बसला की ठरावीक जागी अडतो. ‘परमिशन’ लिहून झालं, आता पुढे? ‘ऑफ गोइंग’ की ‘टू गो’? ‘रिक्वेस्ट’ लिहिलं, पुढे ‘ऑफ’, ‘फॉर’ की ‘टू’? शेवटी तो ‘ऑफ’ लिहून मोकळा होतो. ‘डिसिजन ऑफ गोइंग’, ‘रीझन ऑफ ॲब्सेन्स’, ‘डिमांड ऑफ वॉटर’.

हा ‘ऑफ’ आळसातून आलेला नाही. तो मराठीतून सरळ चालत आलेला आहे. जाण्याचा निर्णय, जाण्याची परवानगी, जाण्याची सवय, जाण्याचं कारण, जाण्याची शक्यता. पाच नामं आणि पाचही ठिकाणी तोच चा-ची-चं. इंग्रजीत मात्र याचे तीन तुकडे होतात: डिसिजन टू गो, परमिशन टू गो, हॅबिट ऑफ गोइंग, पॉसिबिलिटी ऑफ गोइंग, रीझन फॉर गोइंग. मराठीतला एक प्रत्यय इंग्रजीत तीन वाटांनी जातो, आणि कुठली वाट धरायची हे क्रियापद ठरवत नाही. ‘जाणे’ तर पाचही ठिकाणी तेच होतं. ठरवतं ते नाम.

शेजारची कन्नड या बाबतीत थोडी मधली आहे. ‘होगलु अनुमती’ म्हणजे जायला परवानगी आणि ‘होगुव अभ्यास’ म्हणजे जाण्याची सवय. म्हणजे आपल्या भागातली मुलं शाळेत जी कन्नड शिकतात, तिच्यात नाम बदललं की मागचं क्रियापद रूप बदलतं हे ती रोज बघतात. इंग्रजीच्या तासाला ते कुणी आठवून देत नाही, एवढंच.

नामानं हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मराठीत दरवाजा ‘तो’, खिडकी ‘ती’ आणि दार ‘ते’. का, म्हणून कुणी विचारत नाही. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसक, त्यामुळे कन्नड घरातला मित्र मराठी बोलताना ‘माझा गाडी आला’ म्हणतो आणि आपण हसतो. त्याला गाडीचा अर्थ कळलेला असतोच. ‘गाडी’ या नामासोबत काय यावं लागतं, ते त्याच्या कानावर बसलेलं नसतं. इंग्रजी नामांपुढे आपण नेमके त्याच्या जागी उभे असतो. अर्थ माहीत असतो, मागचं शेपूट माहीत नसतं.

नामाला कर्म पेलत नाही

मुळात हे शेपूट लागतं तरी कशाला? यामागे इंग्रजीचा एक साधा नियम आहे आणि तो कळला की निम्म्या चुका आपोआप गळतात. क्रियापद आपलं कर्म थेट घेऊ शकतं, नाम घेऊ शकत नाही. त्याला मध्ये प्रिपोझिशन लागतंच.

‘वी डिमांड वॉटर’ इथे डिमांड क्रियापद आहे, पाणी थेट आलं. ‘अवर डिमांड फॉर वॉटर’ इथे डिमांड नाम आहे, म्हणून ‘फॉर’ मध्ये आला. मराठीतही हेच घडतं. ‘आम्ही पाणी मागतो’ म्हणताना पाण्याला प्रत्यय नाही. ‘आमची पाण्याची मागणी’ म्हटलं की ‘ची’ लागलाच.

गोंधळ होतो तो नाम आणि क्रियापद दिसायला सारखी असतात म्हणून. निवेदनांत हमखास दिसणारं ‘वी डिमांड फॉर’ याच गोंधळातून जन्मतं. नामाचा ‘फॉर’ क्रियापदाला जाऊन चिकटतो. सीमाभागात जन्म काढलेल्या माणसानं हे एकदा तरी नीट लिहून बघावं: ‘वी डिमांड मर्जर विथ महाराष्ट्र’, ‘फॉर’ नाही. पण ‘अवर डिमांड फॉर मर्जर विथ महाराष्ट्र’, इथे ‘फॉर’ हवाच. दुसऱ्या वाक्यात दोन नामं आहेत आणि दोघांची शेपटं वेगळी: डिमांडला फॉर, मर्जरला विथ. आपण महाराष्ट्रा‘त’ विलीन होतो म्हणून ‘इन महाराष्ट्र’ लिहायचा मोह होतो. ‘मर्जर’ला तो चालत नाही.

‘डिस्कस अबाउट’ची गोष्टही तीच. ‘डिस्कशन अबाउट द रोड’ बरोबर, ‘डिस्कशन ऑन द रोड’ही बरोबर (रस्त्यावर उभं राहून केलेली चर्चा असाही अर्थ निघेल, तो भाग वेगळा). पण ‘डिस्कस द रोड’. ‘एम्फसिस ऑन’, पण ‘एम्फसाइज’ एकटं. ‘अटॅक ऑन द व्हिलेज’, पण ‘अटॅक द व्हिलेज’. ‘व्हिजिट टू गोकाक’, पण ‘व्हिजिट गोकाक’. ‘कॉन्टॅक्ट विथ द ऑफिस’, पण ‘कॉन्टॅक्ट द ऑफिस’. ‘लॅक ऑफ मनी’, पण ‘वी लॅक मनी’. ‘रिक्वेस्ट फॉर अ सर्टिफिकेट’, पण ‘आय रिक्वेस्ट अ सर्टिफिकेट’. भारतात ‘डिस्कस अबाउट’ इतकं रुळलंय की काही वर्षांनी ते बरोबरच ठरेल, अशी मला शंका आहे. तोवर परीक्षेत गुण जातात.

मराठी नामांनाही शेपूट असतं

गाइडांमधून ‘अप्रोप्रिएट प्रिपोझिशन्स’ अशी एक लांबलचक यादी असते, ए पासून झेडपर्यंत. मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. तिचा दोष असा की ती आपल्याला आधीपासून काय येतं हे विचारतच नाही. मराठी नामंही आपापला प्रत्यय राखून असतात. विरोध ‘ला’ होतो, हल्ला ‘वर’, मैत्री ‘शी’, वाढ ‘त’. ‘बायपासवर विरोध’ असं कुणी म्हणत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, तरी चुकत नाही.

मग दोन्ही भाषांची शेपटं शेजारी ठेवून बघावीत. बरीचशी जुळतात. परिणाम ‘वर’ तसा इफेक्ट ‘ऑन’. बंदी ‘वर’ तशी बॅन ‘ऑन’. कर ‘वर’, टॅक्स ‘ऑन’. संपर्क ‘शी’, कॉन्टॅक्ट ‘विथ’. रस ‘त’, इंटरेस्ट ‘इन’. ही फुकटची कमाई. ती पाठ करण्यात वेळ घालवू नये. ‘वाढ’ तर इतकी जुळते की मजा वाटते. ‘दुधाच्या दरात पाच रुपयांची वाढ’ या वाक्यात दराला ‘त’ आणि रुपयांना ‘ची’ लागलाय. इंग्रजीतही दराला ‘इन’, रकमेला ‘ऑफ’: ‘ॲन इन्क्रीज ऑफ फाइव्ह रुपीज इन द प्राइस ऑफ मिल्क’. कशात वाढ ते ‘इन’, किती वाढ ते ‘ऑफ’. घट, उतार यांनाही हेच लागू: डिक्रीज, फॉल, ड्रॉप, रिडक्शन.

खरी मेहनत करायची ती न जुळणाऱ्यांवर, आणि ती यादी गाइडातल्या यादीपेक्षा खूपच लहान निघते. विश्वास आपण ‘वर’ ठेवतो, इंग्रजीत फेथ, बिलीफ, ट्रस्ट ‘इन’ असतात. लग्न आपण कुणा‘शी’ करतो, म्हणून ‘मॅरेज विथ’ लिहिलं जातं. इंग्रजी रीत ‘मॅरेज टू’ची. उत्तर प्रश्ना‘चं’ असतं, तिकडे आन्सर ‘टू’ द क्वेश्चन. किल्ली कुलपा‘ची’, तिकडे की ‘टू’ द लॉक. उपाय समस्ये‘वर’, तिकडे सोल्यूशन ‘टू’. नुकसान पिका‘चं’, तिकडे डॅमेज ‘टू’ द क्रॉप, आणि अतिवृष्टीच्या भरपाईचा अर्ज इंग्रजीत लिहिणाऱ्यानं हे एक तरी ध्यानात ठेवावं. नीड ‘फॉर’, रिस्पेक्ट ‘फॉर’, डिमांड ‘फॉर’ या तिघांच्या मागे मराठीत चा-ची किंवा ‘बद्दल’ येतो.

‘कारण’ या शब्दापाशी थोडं थांबावं लागेल. मराठीत कारण एकच, इंग्रजीत दोन: ‘रीझन’ आणि ‘कॉज’. रीझनला ‘फॉर’, कॉजला ‘ऑफ’. आग कशामुळे लागली ते ‘कॉज ऑफ द फायर’. तुम्ही गैरहजर का होता ते ‘रीझन फॉर युवर ॲब्सेन्स’. आग स्वतःहून काही ठरवत नाही, माणूस ठरवतो. बहुतेक वेळा एवढा फरक पुरतो. ‘रीझन ऑफ ॲब्सेन्स’ हा त्या दोघांचा संकर आहे.

‘टू’ म्हणजे आपला ‘ला’

आता क्रियापदाकडे वळू. नामानंतर क्रियापद आणायचं असेल तर इंग्रजीत दोन मुख्य मार्ग. एक, ‘टू’ लावून मूळ क्रियापद, म्हणजे इन्फिनिटिव्ह: ‘डिसिजन टू गो’. दोन, प्रिपोझिशन आणि मग आयएनजी रूप: ‘हॅबिट ऑफ गोइंग’.

हा ‘टू’ आला कुठून हे कळलं तर निवड सोपी जाते. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो साधा दिशादर्शक शब्द होता, कुणाकडे, कशाकडे हे सांगणारा. पुढे तो क्रियापदापुढे येऊन ‘अमुक करण्याकडे’, ‘करण्यासाठी’ असा अर्थ देऊ लागला आणि तिथेच कायमचा बसला. मराठीचा ‘ला’ हुबेहूब असाच आहे. ‘बेळगावला जातो’ यात तो गावाला लागतो, ‘शिकायला जातो’ यात क्रियापदाला. गाव असो की काम, बोट पुढेच दाखवायचं.

म्हणून ‘टू’वाली नामं साधारणपणे पुढे बघणारी असतात, काम अजून व्हायचं असतं किंवा राहून गेलेलं असतं. डिसिजन, प्लॅन, प्रॉमिस, ऑफर, परमिशन, रिफ्यूजल, अटेम्प्ट, ॲम्बिशन, अपॉर्च्युनिटी, अबिलिटी, विलिंगनेस, फेल्युअर. ‘फेल्युअर टू पे द बिल’ म्हणजे बिल भरायचं राहिलं. उलट ‘ऑफ’ अधिक आयएनजी घेणारी नामं एखाद्या गोष्टीचं नुसतं नाव सांगतात, ती काय आहे ते सांगतात: हॅबिट, रिस्क, डेंजर, आयडिया, कॉस्ट, मेथड, फिअर, पॉसिबिलिटी. सवय कसली? उशिरा उठण्याची. धोका कसला? पाय घसरण्याचा.

काही नामं दोन्ही घेतात, आणि तिथे फरक लख्ख दिसतो. ‘चान्स टू विन’ म्हणजे जिंकण्याची संधी मिळाली, मैदानात उतरा. ‘चान्स ऑफ विनिंग’ म्हणजे जिंकण्याची शक्यता किती. ‘रीझन टू गो’ म्हणजे जावं असं वाटायला लावणारं कारण; ‘रीझन फॉर गोइंग’ म्हणजे गेलात का, त्याचा खुलासा.

आणखी एक खूण: यातली पुष्कळ नामं क्रियापदांपासून किंवा विशेषणांपासून आलेली आहेत आणि त्यांनी घरचा ‘टू’ सोबत आणलाय. ‘डिसाइड टू’वरून ‘डिसिजन टू’, ‘रिफ्यूज टू’वरून ‘रिफ्यूजल टू’, ‘एबल टू’वरून ‘अबिलिटी टू’. पण या खुणेवर डोळे झाकून भिस्त ठेवू नका. ‘होप टू’ म्हणतात, पण नाम ‘होप ऑफ’ घेतं. ‘प्रिफर टू’, पण ‘प्रेफरन्स फॉर’. ‘पॉसिबल टू’ आणि ‘पॉसिबिलिटी ऑफ’ यांनी तर किती जणांना पाडलं असेल. ‘डिफिकल्ट टू फाइंड’, पण ‘डिफिकल्टी इन फाइंडिंग’.

दोन ‘टू’, एक चेहरा

हा या सगळ्यातला अवघड भाग. तो जुना दिशादर्शक ‘टू’ अजूनही प्रिपोझिशन म्हणून जिवंत आहे. त्यामुळे इंग्रजीत दोन ‘टू’ आहेत. एकाच्या पुढे मूळ क्रियापद येतं, दुसऱ्याच्या पुढे नाम किंवा आयएनजी रूप.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीजवळचा कळसा नाला घ्या. म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवण्याची कर्नाटकची योजना आहे आणि गोव्याचा तिला विरोध आहे. इंग्रजीत लिहू: ‘कर्नाटकाज प्लॅन टू डायव्हर्ट द वॉटर’ आणि ‘गोवाज ऑब्जेक्शन टू डायव्हर्टिंग द वॉटर’. पाणी तेच, वळवणंही तेच, पण कर्नाटकाच्या वाट्याला ‘डायव्हर्ट’ आणि गोव्याच्या वाट्याला ‘डायव्हर्टिंग’. कारण ‘प्लॅन’चा ‘टू’ इन्फिनिटिव्हचा आहे, ‘ऑब्जेक्शन’चा प्रिपोझिशनचा.

ओळखायचं कसं? ‘टू’पुढे क्रियापदाऐवजी साधं नाम ठेवून बघायचं. ‘ऑब्जेक्शन टू द प्रोजेक्ट’ चालतं, म्हणजे हा ‘टू’ प्रिपोझिशन, क्रियापद आणाल तर आयएनजी लावून आणा. ‘डिसिजन टू द प्रोजेक्ट’ चालत नाही, म्हणजे हा ‘टू’ इन्फिनिटिव्हचा, क्रियापद मूळ रूपातच राहू द्या. ऑब्जेक्शन, अपोझिशन, रिॲक्शन, ऑल्टरनेटिव्ह, ॲप्रोच ही पहिल्या गटातली नेहमी भेटणारी मंडळी. मराठीत यातल्या विरोधाला आणि हरकतीला आपण ‘करण्यास’, ‘करायला’ वापरतो, आणि तो ‘ला’च आपल्याला ‘टू डायव्हर्ट’ लिहायला लावतो.

ही कसोटी ज्या शब्दापाशी फसते तो आपल्या फार ओळखीचा आहे: ‘राइट’, हक्क. त्याला दोन्ही ‘टू’ चालतात, आणि याचा पुरावा थेट राज्यघटनेत आहे. कलम १९ मध्ये नागरिकांचे हक्क एकाखाली एक दिलेत. पहिला ‘टू फ्रीडम ऑफ स्पीच अँड एक्स्प्रेशन’. इथे ‘टू’पुढे नाम आहे. दुसरा ‘टू असेम्बल पीसेबली अँड विदाउट आर्म्स’, इथे क्रियापद. त्याच कलमात, एकाच ‘राइट’ला टांगलेले दोन वेगळे ‘टू’. कलम २९ मध्ये स्वतःची भाषा, लिपी, संस्कृती असलेल्या नागरिकांना ‘राइट टू कॉन्झर्व’ दिलाय, कलम ३० मध्ये भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क, ‘राइट टू एस्टॅब्लिश अँड ॲडमिनिस्टर’. दोन्हीकडे क्रियापद. पण माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा ‘राइट टू इन्फर्मेशन’, तिथे नाम. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं पूर्ण नाव बघा: ‘द राइट ऑफ चिल्ड्रेन टू फ्री अँड कंपल्सरी एज्युकेशन ॲक्ट’. हक्क कुणाचा ते ‘ऑफ’नं, कशाचा ते ‘टू’नं. मराठीत ‘मुलांचा शिक्षणाचा हक्क’ म्हणताना दोन्हीकडे ‘चा’च येतो.

घटनेत सीमाभागातल्या माणसानं वाचावं असं आणखी एक कलम आहे, ३५०-अ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून म्हैसूर राज्यात गेला, त्याच दिवशी सातव्या घटनादुरुस्तीनं हे कलमही लागू झालं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, हा त्याचा आशय. इंग्रजीत ते असं चालतं: प्रत्येक राज्याचा ‘एन्डेव्हर’ असेल ‘टू प्रोव्हाइड’ पुरेशा ‘फॅसिलिटीज फॉर इन्स्ट्रक्शन इन द मदर-टंग’. एन्डेव्हर म्हणजे प्रयत्न, पुढे बघणारं नाम, म्हणून ‘टू’ आणि मूळ क्रियापद. मध्ये कितीही शब्द आले तरी ते नातं तुटत नाही. फॅसिलिटीजला ‘फॉर’. इन्स्ट्रक्शनला ‘इन’, कारण शिक्षण भाषेत. तीन नामं, तीन वेगळी शेपटं. कायद्याची इंग्रजी वाक्यं लांब वाटतात ती बहुधा अशा साखळीमुळे. नाम पकडायचं, त्याचं शेपूट शोधायचं, मग पुढचं नाम. वाक्य सुटत जातं.

राहायला घर

एक छोटी गोष्ट राहिली. ‘राहायला घर’, ‘बसायला खुर्ची’, ‘लिहायला पेन’ हे इंग्रजीत करताना आपण ‘अ हाउस टू लिव्ह’ म्हणून थांबतो. पण वाक्यात आपण ‘लिव्ह इन अ हाउस’ म्हणतो, ‘सिट ऑन अ चेअर’, ‘राइट विथ अ पेन’. तो ‘इन’, ‘ऑन’, ‘विथ’ कुठे जात नाही, शेवटी येऊन बसतो: ‘अ हाउस टू लिव्ह इन’, ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ पेन टू राइट विथ’. ‘वॉटर टू ड्रिंक’ला काही लागत नाही, कारण पाणी थेट पितात. अपवाद ‘प्लेस’चा, ‘अ प्लेस टू लिव्ह’ तसंच चालतं.

वहीत काय लिहायचं

नवा शब्द वहीत उतरवताना ‘परमिशन = परवानगी’ एवढंच लिहिलं तर अर्धंच काम झालं. ‘परमिशन टू बिल्ड = बांधायला परवानगी’ असं शेपटासकट लिहावं. शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या इंग्रजी शब्दकोशांत नामाच्या अर्थाजवळच त्याची शेपटं छापलेली असतात. अर्थ वाचून कोश मिटण्याआधी नजर तिकडे टाकायची. ‘ॲप्लिकेशन’ काढून बघा: ‘टू’ पण आहे, ‘फॉर’ पण. तहसीलदारांकडे, दाखल्यासाठी. ‘क्लेम’ काढून बघा: जमिनीवर हक्क सांगायचा तर ‘टू’, विम्याचे पैसे मागायचे तर ‘फॉर’, नुसतं विधान करायचं तर पुढे ‘दॅट’ आणि अख्खं वाक्य. महाराष्ट्राचा २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा यातला पहिला, ‘महाराष्ट्राज क्लेम टू बेळगाव’.